सेन्सर गेलाय म्हणण्याआधी

कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर हा मोटारीतल्या स्वस्त भागांपैकी एक. त्यामुळेच असेल कदाचित, पण विनाकारण बदलल्या जाणाऱ्या भागांत त्याचा नंबर बराच वर लागेल. गाडीचा ॲव्हरेज पडतो, सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, रेडिएटरचा फॅन थांबायचं नाव घेत नाही, मीटरमधला काटा मध्येच खाली बसतो. स्कॅनर लावला की कूलंट टेंपरेचरचा कोड दिसतो आणि निदान तिथेच संपतं. ‘सेन्सर गेलाय, बदलून टाकू.’ नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तोच दिवा लागतो. मग सेन्सर डुप्लिकेट निघाला असं ठरतं, नाहीतर ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर, संशय जातो, आणि तिथून खर्च हजारांच्या घरात शिरतो.

या सगळ्यात एक साधी गोष्ट सुटते. स्कॅनरवर येणारा कोड सर्किटबद्दल बोलत असतो. त्या सर्किटात सेन्सर आहे, त्याचा कपलर आहे, दोन वायरी आहेत, अर्थिंग आहे आणि ईसीयूच्या आत बसवलेला एक रेझिस्टन्स आहे. शिवाय खुद्द कूलंट आहे, जो खरोखरच नको तितका थंड किंवा गरम असू शकतो. यांतलं नेमकं काय बिघडलंय हे वेगळं काढणं म्हणजे निदान. ते काढण्याच्या रीती जुन्या आहेत, स्वस्त आहेत, आणि नीट वापरल्या तर सेन्सर हातात घेण्याआधीच उत्तर देतात.

सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा पितळी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. सहसा तो सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरात आटे लावून बसवलेला असतो, टोक कूलंटमध्ये बुडालेलं. आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स घटतो, म्हणजे साध्या तारेच्या नेमकं उलट. १८३३ साली मायकेल फॅरडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा स्वभाव दिसला होता. मोटारीत तो कामाला लागायला शंभराहून अधिक वर्षं गेली. बॉशच्या सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: शून्य अंशाला साधारण ५,९०० ओहम, २० अंशांना २,५००, ६० अंशांना ६००, ८० अंशांना ३२०, १०० अंशांना १८५ च्या आसपास. सगळ्या कंपन्यांचे आकडे हेच नसतात. जनरल मोटर्सच्या जुन्या जातीत २० अंशांना साडेतीन हजार ओहम असतात. पण उतार सगळीकडे असाच असतो, थंडीकडे तीव्र आणि गरमीकडे सपाट. पुढचं सगळं निदान या उतारावरच उभं आहे.

ईसीयूला ओहम मोजता येत नाहीत, तो व्होल्ट मोजतो. म्हणून तो स्वतःच्या एका ठरावीक रेझिस्टन्समधून सेन्सरला ५ व्होल्ट देतो आणि दोघांच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते पाहतो. आतला रेझिस्टन्स २,२०० ओहमचा धरला, तर २० अंशांना तिथे २.६६ व्होल्ट दिसतील आणि ८० अंशांना ०.६४. वायर तुटली की पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, ईसीयू त्याचा अर्थ ‘भयंकर थंड’ असा लावतो आणि स्कॅनरवर उणे ४० अंश येतात. हा आकडा ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या निदान-यंत्रणेच्या, भाषेतला तळ आहे. तापमान पाठवताना त्या मोजपट्टीची सुरुवातच उणे ४० पासून होते. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, आणि स्कॅनरवर १३० अंशांच्या वरचा कुठलातरी आकडा.

इथे एक गफलत फार होते. पी०११८ या कोडचा अर्थ ‘इनपुट हाय’ असा दिलेला असतो. ते वाचून इंजिन तापलंय असं समजून कूलंट, वॉटर पंप, रेडिएटर तपासायला सुरुवात होते. ‘हाय’ आहे ते व्होल्टेज, आणि जास्त व्होल्टेज म्हणजे थंडीचा आकडा, बहुधा तुटलेली वायर किंवा निघालेला कपलर. पी०११७ याच्या उलट, म्हणजे कमी व्होल्टेज, बहुधा शॉर्ट. पी०११९ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतोय. पी०११६ म्हणजे आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे, पण इंजिनाच्या वागण्याशी जुळत नाही. आणि पी०१२८ हा तर सेन्सरचा कोडच नाही: इंजिन ठरल्या वेळेत थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचलं नाही, एवढंच तो सांगतो. या शेवटच्या कोडवर किती चांगले सेन्सर बळी गेले असतील याचा हिशेब नाही.

एवढ्याशा भागावर केवढं अवलंबून आहे हे पाहिलं की निदानातली घाई अधिकच खटकते. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी किती आधी टाकायची, आयडलिंगची रेस किती ठेवायची, फॅन केव्हा लावायचा, एसीचा कॉम्प्रेसर केव्हा तोडायचा, डिझेल गाडीत ग्लो प्लग किती सेकंद तापवायचे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा लॉकअप केव्हा करू द्यायचा, हे सगळं ईसीयू या एका आकड्यावर ठरवतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त सोडावं लागतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे काम चोक करायचा आणि चोक किती ओढायचा हे चालवणाऱ्याला कळायचं. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत तापमानाचा काटा फक्त माणसासाठी होता, इंजिनाला त्याची गरज नव्हती. बॉशने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत दिली, तेव्हापासून तापमानाचा आकडा थेट इंधनाच्या हिशेबात शिरला. आपल्याकडे २००० च्या सुमारास एमपीएफआय गाड्यांनी तो घरोघर आणला, आणि २०१० ते २०१३ या काळात चारचाकींना ओबीडी सक्तीचं झाल्यावर बिघाडाचा कोड वाचणं कुठल्याही गॅरेजच्या आवाक्यात आलं. कोड वाचणं सोपं झालं, पण त्याच वेगाने मल्टिमीटर लावायची सवय मात्र सुटली.

आता या विषयातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. सेन्सरची वायर पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली तर निदान सोपं असतं. ईसीयू स्वतःच ओरडून सांगतो. त्रास देतात ते अर्धवट बिघाड. त्यातले दोन घरोघरी आढळणारे: कपलरच्या पिनांवर चढलेला गंज, आणि कपलरमध्ये शिरलेलं पाणी. दोघेही पावसाळ्यात, बॉनेट उघडून प्रेशरने धुतलेल्या गाडीत, कोकणातल्या खाऱ्या हवेत सारखेच दिसतात. परिणाम मात्र नेमके उलटे.

गंजामुळे सर्किटात ३०० ओहमची भर पडली असं धरू. सकाळी २० अंशांना सेन्सर २,५०० ओहम दाखवतो, ईसीयूला २,८०० दिसतात. उताराच्या त्या टोकाला एवढ्याने फक्त तीन अंशांचा फरक पडतो. ईसीयू १७ अंश समजतो, गाडी पटकन सुरू होते, काही बिनसल्याचं जाणवतही नाही. इंजिन ८० अंशांवर आलं की सेन्सरचे ३२० आणि गंजाचे ३०० मिळून ६२० होतात, आणि ईसीयूला वाटतं इंजिन अजून ५९ अंशांवरच आहे. तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, फॅन उशिरा लावतो. ॲव्हरेज पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी येते, प्लग काळे होतात, दीर्घकाळ असंच चाललं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. हायवेवर हे कळतही नाही, ट्रॅफिकमध्ये मात्र इंजिन खरोखर तापू लागतं.

पाण्याचं उलट. कपलरमधल्या ओलीमुळे दोन पिनांच्या मध्ये ५,००० ओहमची गळती झाली असं धरा. गरम इंजिनात ३२० ओहमच्या शेजारी ही गळती नगण्य ठरते, आकडा दोनच अंश सरकतो. पण सकाळी २,५०० ओहमच्या शेजारी ५,००० ओहमची वाट उघडली की ईसीयूला जेमतेम १,६७० दिसतात आणि २० अंशांचं इंजिन त्याला ३० अंशांच्या पुढचं वाटतं. मग तो पेट्रोल कमी सोडतो, सेल्फ मारत राहावा लागतो, सुरू झाल्यावर गाडी मिसिंग करते, आणि पाच मिनिटांनी सगळं ठीक. म्हणून ‘त्रास सकाळी होतो की गरम झाल्यावर?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारलाच पाहिजे. उत्तर मिळालं की वायरिंगमध्ये काय शोधायचं हे अर्धंअधिक ठरतं. तो प्रश्न न विचारता स्कॅनर जोडणारा माणूस हातातली सर्वांत चांगली खूण सोडून देतो.

तपासणीची सुरुवात सकाळच्या थंड इंजिनावर करावी. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान असे दोन आकडे पाहायचे. आठ-दहा तासांत सगळं बॉनेट बाहेरच्या हवेच्या तापमानाला आलेलं असतं, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांच्या तीन-चार अंशांत असायला हवेत. तसे नसतील तर बाहेरच्या तापमानापासून लांब असलेला आकडा चुकीचा. याला ना पाना लागतो ना पाना धरणारा हात. फोनला जोडायचा स्वस्त ओबीडी ॲडॉप्टर पुरतो. ऊन लागलेल्या गाडीवर किंवा तासभर आधी चालवलेल्या गाडीवर ही तपासणी करू नये, तिथे दोन आकडे वेगळे असणारच.

यानंतर इंजिन सुरू करून आकडा चढताना पाहावा. निरोगी गाडीत तो एका लयीत चढतो, थर्मोस्टॅट उघडला की क्षणभर थबकतो किंवा किंचित उतरतो, मग स्थिर होतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागतात. चढताना आकडा एकाएकी ८५ वरून उणे ४० वर गेला आणि पुढच्या सेकंदाला परत आला, तर त्यावर विचार करायला नको: चार-पाच लिटर कूलंट सेकंदात सव्वाशे अंश थंड होऊ शकत नाही. तो दोष विजेचा, आणि बहुतेक वेळा सैल पिनेचा. आकडा चालू असताना हार्नेस हळूच हलवत गेलं की नेमकी जागा सापडते. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधावी. गावाकडे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे.

कपलर काढून करायची तपासणी सर्वांत बोलकी. सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० आलेच पाहिजेत. मग हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना वायरच्या छोट्या तुकड्याने जोडायच्या. आकडा १३० च्या वर गेलाच पाहिजे. दोन्ही झालं, तर वायरिंग आणि ईसीयू ठणठणीत आहेत आणि संशय सेन्सरवर आणायला हरकत नाही. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. पण मधले आकडे आले तर ते फेकून देऊ नयेत. पिना जोडल्यावर आकडा टोकाला न जाता ८२ अंशांच्या आसपास अडकला, तर वायरीत सुमारे ३०० ओहम कुठेतरी बसलेत. कपलर काढल्यावर उणे ४० ऐवजी ४ अंश दिसले, तर हार्नेसमध्ये ५,००० ओहमची गळती आहे. अशा वेळी स्कॅनरच ओहममीटरचं काम करतो, तक्ता तेवढा हाताशी हवा. दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्यात. काही सेन्सरना तीन किंवा चार पिना असतात, त्यांतल्या काही मीटरच्या काट्याच्या असतात; वायरिंगचा नकाशा न पाहता पिना जोडू नयेत. आणि काही कंपन्यांचे ईसीयू दोष कळताच खरा आकडा लपवून ८० अंशांसारखा बदली आकडा दाखवतात, फॅन कायमचा लावून ठेवतात. थंड गाडीची चावी फिरवताच फॅन सुरू झाला, तर ईसीयूने सेन्सरवरचा भरवसा सोडला आहे असं समजावं.

मल्टिमीटर शेवटी लागतो, पण त्याला पर्याय नाही. कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर थंड आणि गरम असं दोनदा मोजायचं आणि तक्त्याशी ताडायचं. एकदाच मोजणं अपुरं आहे, कारण म्हातारा होत चाललेला थर्मिस्टर एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला चुकीचा असू शकतो. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरायची जुनी रीत आजही चांगली, फक्त उकळतं पाणी म्हणजे १०० अंश हे गृहीत मुंबईत चालतं. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. कपलर जोडलेला असताना सेन्सरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचं व्होल्टेजही पाहावं; ते ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. ही अर्थ वायर बहुधा इतर सेन्सरांनाही सामाईक असते, म्हणून एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले तर सगळे सेन्सर एकदम कसे गेले याचं नवल करत बसण्याऐवजी आधी तिथे बघावं. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक आता स्वस्त झाली आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. काळी टेप चिकटवून त्यावर रोखली तर खरं तापमान कळतं.

सेन्सर निर्दोष असूनही त्याच्यावर आळ येतो तो बहुतेक वेळा थर्मोस्टॅटमुळे. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकायची एक जुनी सवय आहे. घाटात गाडी गरम होते, रेडिएटर साफ करून घेणं महाग वाटतं, मग कुणीतरी सांगतं की थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. एका गॅरेजात जवळून पाहिलेल्या गाडीची हीच गोष्ट. तक्रार ॲव्हरेजची, कोड पी०१२८, सेन्सर आधीच दुसरीकडे बदललेला. वयस्क मेस्त्रींनी गाडी सुरू केली आणि स्कॅनरला हात न लावता रेडिएटरकडे जाणारा वरचा होज धरला. पहिल्याच मिनिटाला तो कोमट लागायला लागला. थर्मोस्टॅट बंद असता तर तो बराच वेळ गार राहायला हवा होता. ‘काका, थर्मोस्टॅट आहे का गाडीत?’ त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, ‘खंबाटकीत गरम व्हायची म्हणून मागेच काढून घेतला. पण आता गरम होत नाही हो.’ मेस्त्रींनी गाडी हायवेवर नेली तेव्हा आकडा ६२ वर येऊन तिथेच खिळला, आणि उतारावर तर आणखी खाली गेला. सेन्सर अगदी खरं सांगत होता. इंजिनच थंड होतं, आणि थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देत होता. थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ केला, कोड परत आला नाही. थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही, तो एका दोषावर दुसरा दोष चढवणं आहे. यावर गॅरेजवाल्यांनीच ठाम राहायला हवं. गिऱ्हाईक हट्ट करतं ही सबब पुरेशी नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला माहीत असायला हवी. सेन्सर ज्या द्रवात बुडालेला असतो त्याचंच तापमान सांगू शकतो. होज फुटून कूलंट वाहून गेला की सेन्सरचं टोक हवेत किंवा वाफेत उघडं पडतं, आणि धातू होरपळत असतानाही आकडा खाली येऊ शकतो. काटा मध्यावर होता आणि इंजिन जाम झालं, असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यात भर म्हणजे बऱ्याच गाड्यांत काट्याला ईसीयू मुद्दाम स्थिर ठेवतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात तो मध्यावरून हलत नाही, म्हणजे हलतो तेव्हा वेळ बरीच गेलेली असते. कित्येक गाड्यांत काटाही नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. म्हणून हीटर लावल्यावर एकदम गार हवा येणं, काटा अचानक खाली पडणं, बॉनेटमधून गोडसर वास येणं यांतलं काहीही दिसलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये; आतल्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि दाब सुटताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत तिसरा प्रकार दिसतो. सेन्सरच्या टोकावर क्षाराचा थर बसतो आणि त्याला तापमान उशिरा कळतं. तो मोजून पाहिला तर दोन्ही टोकांना बरोबर निघतो, चुकतो तो वेगात. चढणीवर इंजिन झपाट्याने तापत असताना हा उशीर महाग पडतो. इथे सेन्सर पुसून बसवला की भागतं, पण पाणी तेच राहिलं तर थर पुन्हा बसणार. रेडिएटर भरताना आत अडकलेली हवा सेन्सरपाशी बसली तरी आकडा असाच उलटसुलट नाचतो. त्यावर उपाय म्हणजे हवा काढणं.

नव्या गाड्यांनी हा विषय थोडा बदलला आहे. काहींत इंजिनातून बाहेर पडताना आणि रेडिएटरमधून परत येताना असे दोन सेन्सर असतात, त्यामुळे थर्मोस्टॅट आणि सेन्सर यांतला दोषी ओळखणं सोपं झालं. फोर्डने काही इंजिनांत सेन्सर कूलंटमधून काढून सिलिंडर हेडच्या धातूत बसवला, म्हणजे कूलंट संपला तरी खरं तापमान कळतं. मला हा बदल सर्वांत शहाणपणाचा वाटतो. काही अमेरिकन गाड्यांचे ईसीयू ५० अंशांच्या आसपास आतला रेझिस्टन्स बदलतात, तेव्हा चढता-चढता व्होल्टेज एकदम उडी मारतं. तो दोष नाही, पण माहीत नसेल तर हमखास दोष वाटतो. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक सगळ्या मोटरसायकली आणि स्कूटरींतही इंजेक्शन आणि इंजिन तापमानाचा सेन्सर आला आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकपासून गावातल्या शंभर सीसीच्या गाडीपर्यंत. कार्ब्युरेटर कानाने लावणाऱ्या टू-व्हीलर मेस्त्रींपुढे आज हाच उतार, हेच ५ व्होल्ट आहेत. बॅटरीवरच्या गाड्यांतही बॅटरीचं तापमान थर्मिस्टरच सांगतो, आणि त्याच्या कपलरलाही गंज चढतो.

इतकं करून दोष सेन्सरमध्येच निघाला, तर बदलणं सोपं आहे. इंजिन थंड हवं, कूलंट थोडा काढावा, जुना काढताच नवा लावावा, आटे फार आवळू नयेत. मीटरच्या काट्यासाठीचा एकाच वायरीचा जुना सेन्सर असेल तर आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. नंतर हवा काढून, कोड पुसण्याआधी ईसीयूने दोष आला त्या क्षणाची जपून ठेवलेली नोंद उतरवून घ्यावी. दोष परतला तर तीच उपयोगी पडते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर दोन तापमानं पुन्हा ताडावीत. गॅरेजातून गाडी नेताना दिवा बंद आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

गॅरेजवाल्यांना घाई आहे, हे मान्य. पण घाईमागे एक खरी अडचणही आहे. कोणत्या इंजिनाच्या सेन्सरला किती अंशांवर किती ओहम, कोणत्या पिनेला कोणत्या रंगाची वायर, ईसीयू बदली आकडा दाखवतो की नाही, ही माहिती कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि बाहेरच्या मेस्त्रीपर्यंत पोचत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेल्या मुलाला ओहमचा नियम येतो, पण समोरच्या गाडीचा तक्ता नसेल तर तो नियम कशावर चालवायचा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारींचाही समावेश होता. त्या हक्कात सुटे भाग मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकेच हे आकडेही. प्रत्येक मॉडेलसाठी अर्ध्या पानाचा तापमान-रेझिस्टन्स तक्ता आणि कपलरच्या पिनांचा नकाशा कंपन्यांनी खुला करावा, आयटीआयने तो मराठीत छापून वर्गात लावावा, आणि बिलावर ‘सेन्सर बदलला’ लिहिताना शेजारी जुन्या सेन्सरचा थंड आणि गरम मोजलेला रेझिस्टन्स लिहायची पद्धत पडावी. गिऱ्हाइकाने तो आकडा मागायला आजपासूनही हरकत नाही.